संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडं असणारं पाळणाघर

गोव्यातल्या फोंड्यात, ढवळीच्या बाजूला, एका जुन्या कौलारू घरात एक मावशी पाळणाघर चालवतात. दारावर पाटी नाही. माझा मुलगा आणि मुलगी, दोघंही गेली अडीच वर्षं तिथं वाढतायत, म्हणून हे लिहितेय. मावशींचं नाव आणि पत्ता देणार नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांचा नंबर एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि दिवसभर फोन वाजत राहिला. "फोन घेवूं काय भुरगीं पळोवूं?" (फोन घेऊ की मुलं बघू?) असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि ते रास्तच होतं.

आधी माझं सांगते, कारण एखादं पाळणाघर आपल्याला चालेल की नाही हे आपल्या नोकरीवर ठरतं. मी मूळची सावंतवाडीची. अकरा वर्षं वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे. नवरा कुंडईला, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. कंपनीची बस मला फोंड्याच्या तिस्कावर सकाळी ७.४० ला घेते आणि संध्याकाळी ६.१५ ला परत सोडते, तेही बस वेळेत सुटली आणि बोरी पुलावर काही अडलं नाही तर. सासरे साखळीला अंथरुणाला खिळलेले आहेत, सासूबाई त्यांच्या उशाशी. माझी आई मुलासाठी दीड वर्ष आपलं घर सोडून इथं राहिली. त्याहून जास्त तिच्याकडे मागायचा मला हक्क नव्हता.

आई परत गेल्यावर मुलाला आम्ही एका नव्या पाळणाघरात घातलं. नाव नको. रंगवलेल्या भिंती, मऊ फरशी, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा. बंद व्हायची वेळ साडेपाच, आणि त्यानंतर दर पंधरा मिनिटांना दोनशे रुपये. नवऱ्याची दुपारची पाळी असली की शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी त्याला आणायची आणि मी येईपर्यंत सांभाळायची. तिची परीक्षा आली की आमची झोप उडायची. लॅबमध्ये फोन आत नेता येत नाही, त्यामुळे कॅमेरा मी जेवणाच्या सुट्टीत बघायचे. बघावं तेव्हा बहुतेक वेळा तो टीव्हीसमोर खुर्चीत, कमरेला पट्टा. विचारलं तर म्हणाले, सगळीच मुलं बसतात, तुमचा एकटाच नाही. घरी आल्यावर तो अर्धा तास काही बोलायचा नाही. माझ्या मांडीवर नुसता बसून राहायचा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मला स्टॅबिलिटी विभागाची (औषध किती काळ टिकतं ते तपासणारा विभाग) सेक्शन हेड हो म्हणून विचारलं. त्या जागेवरच्या माणसाला रोज संध्याकाळी पाचच्या बॅच रिलीजच्या, म्हणजे तयार औषध बाहेर सोडायचं ठरवणाऱ्या, बैठकीला बसावं लागतं आणि ऑडिटच्या काळात घरी जायची वेळ आपल्या हातात राहत नाही. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा "घरगुती अडचण" एवढंच सांगितलं. माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेल्या मुलाला ती जागा मिळाली. काम तो चांगलं करायचा, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला एचपीएलसीवर (औषधातले घटक मोजायचं यंत्र) बसायला मी शिकवलं होतं. ते मला अजून लागतं.

करिअर आणि मुलं यांचा तोल कसा साधावा यावर आमच्याकडे महिला दिनाला दरवर्षी कुणी ना कुणी येऊन बोलतं. वेळेचं नियोजन, घरच्यांशी मोकळा संवाद, स्वतःसाठी रोज अर्धा तास. चांगल्याच गोष्टी आहेत सगळ्या. पण बाईला किती वरची जागा घेता येईल हे तिच्या पाळणाघराचं दार किती वाजता बंद होतं त्यावर ठरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दार साडेपाचला बंद होत होतं तोवर मी अॅनालिस्ट होते. आता ते साडेसातला बंद होतं आणि मी सेक्शन हेड आहे. माझी हुशारी मधल्या काळात काही वाढली नाही.

मावशींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. लॅबमधल्याच एका बाईनं सांगितलं होतं. मावशींनी खोली दाखवायच्या आधी विचारलं, तुमची बस किती वाजता येते? मी ६.१५ म्हटलं. त्या म्हणाल्या, म्हणजे पावसात सात. मी साडेसातपर्यंत ठेवते, त्याच्यापुढे उशीर झाला तर कळवायचं. दंडाबिंडाचं काही बोलल्या नाहीत.

आवारात विहीर आहे. गोव्यातल्या जुन्या घरात असतेच. मी आधी तिकडेच वळले. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक, त्याची कडी बाहेरून. पाण्याच्या बादल्या पालथ्या. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. मुलं सातच घेतात, आठवं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. सांभाळायला त्या आणि त्यांची भाची, जिनं बालवाडीचा कोर्स केलाय. तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देत नाहीत, द्राक्ष उभं चिरून देतात. हे मी विचारलं नव्हतं. त्या दुपारी समोर एका बाळाला द्राक्ष भरवत होत्या, ते बघितलं.

तिथली बघण्यासारखी वेळ म्हणजे अकराची पेज. इथल्या घरांत न्याहारी आणि जेवण यांच्या मधोमध पेज असतेच. मावशी उकड्या तांदळाची पेज सकाळीच मंद आचेवर ठेवतात. सोप्यात चटई पडते, मुलं भिंतीला पाठ लावून ओळीत बसतात, प्रत्येकाची स्टीलची वाटी वेगळी, वाटीच्या बुडाला नेलपॉलिशनं केलेली खूण. सगळ्यात लहान असेल त्याची पेज पळीनं घोटून गाळून घेतात. एक वर्षाच्या पुढच्यांना शितं तशीच, वर मीठ आणि तुपाचा थेंब. शाळेच्या वयाच्यांना तोराची (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैरीची) फोड मिळते, तीही पाण्यात खळबळून, खार काढून. मुलगी अकरा महिन्यांची असताना एका शनिवारी मी सुट्टी काढून तिथं थांबले होते. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली, तोंडाला लावली, अर्धी पेज हनुवटीवरून पोटावर गेली. मी पुढे झाले तर मावशींनी माझा हात धरून मला मागे बसवलं. वाटी रिकामी झाली तशी तिनं ती पालथी घालून जमिनीवर आपटली आणि आमच्याकडे बघितलं. मग मावशींनी ओल्या फडक्यानं तिला पुसलं आणि पुन्हा पाव वाटी ओतली. त्या सोप्यात जेवताना फोन लागत नाही, टीव्ही लागत नाही. (माझं शिक्षण रसायनशास्त्राचं, म्हणून एवढं सांगते: भात सालासकट उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, ती पुढे कांडताना कमी जातात. आपल्या आज्ज्या बाळांना उकड्याचीच पेज द्यायच्या, ते बरोबरच होतं.)

दुसरी गोष्ट, वही. दोनशे पानी, प्रत्येक मुलाची वेगळी, वर तपकिरी कागद. मावशी बोलतात कोकणी, लिहितात मराठी. त्यांच्या पिढीत फोंड्यातल्या कितीतरी जणांचं शिक्षण मराठी शाळेतच झालंय. माझ्यासमोर आत्ता मुलीची वही आहे, त्यातलं एक पान असं:

"१०.५० पेज, पूर्ण वाटी. ११.३० खेळली. १२.४० मुगाची आमटी भात, थोडा टाकला. १.१५ झोपली. २.४० उठली. रडली, पडली नाही. शी १. नाक वाहते, ताप नाही, दोनदा बघितला. दादा आल्यावर हसली."

"रडली, पडली नाही" हे तीन शब्द वाचून मला बसमध्ये रडू आलं होतं. आपल्या मनात नेमका कुठला प्रश्न येणार हे ओळखून कुणीतरी त्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं.

दुधाचं सविस्तर सांगते, कारण नोकरीवर परतणाऱ्या बाईचा सगळ्यात मोठा घोर तोच असतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि जे आधी जातात ते नंतरच्यातून वजा होतात. माझे पाय सुजले म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे आधीच घरी बसवलं. उरले तेवीस. म्हणजे मुलगी सहा महिन्यांची व्हायच्या आत मी वेर्ण्याला, आणि सहा महिने तर नुसत्या आईच्या दुधाचे. मी रात्री आणि पहाटे पंपानं दूध काढून छोट्या काचेच्या बाटल्यांत भरायचे, बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख-वेळ लिहायचे, बर्फाच्या पिशवीत घालून मावशींकडे द्यायचे. त्यांना एकदाच समजावलं: फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, बाहेर चार तास, गरम पाण्यात बाटली उभी करून कोमट करायचं, गॅसवर ठेवायचं नाही, कोमट केलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. त्यांनी स्वतःची तिन्ही मुलं घरी राहून वाढवलेली, त्यांना हे नवीन. पण त्यांनी फ्रिजमधला एक कप्पा रिकामा केला, त्यात दुसरं काही ठेवलं नाही, आणि जुनी बाटली पुढे, नवी मागे असा क्रम स्वतःहून लावला. आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना ही शिस्त अंगी बाणायला महिना लागतो.

आता त्या संध्याकाळचं. जुलै महिना, बाहेरचे ऑडिटर दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी चारला मी एका स्टॅबिलिटी सॅम्पलची सिक्वेन्स एचपीएलसीवर लावली आणि सिस्टीम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्र नीट मोजतंय ना याची आधीची चाचणी, बसेना. आलेखातल्या टोकाला शेपूट (टेलिंग) हवी त्याहून जास्त येत होती. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून सोडायचं द्रावण, पुन्हा केला, कॉलम बदलला, पुन्हा यंत्र स्थिरावायची वाट बघितली. माझी बस निघून गेली. नवरा दुपारच्या पाळीवर. सातला लॅबच्या लँडलाइनवरून मावशींना फोन लावला तेव्हा माझा आवाज नीट निघत नव्हता. त्या म्हणाल्या, "दोगांय जेवलीं. धाकटें आतां न्हिदलां. तूं काम सोंपय आनी सावकाश यो." (दोघंही जेवली, धाकटी आता झोपलीय, काम संपव आणि सावकाश ये.) साडेसातला सुटेबिलिटी बसली, कंपनीनं गाडी दिली, बोरी पुलावर पाऊस एवढा की समोरच्या ट्रकचे दिवे दिसत नव्हते. मी पोचले ८.२० ला. मुलगी मावशींच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून झोपलेली, मुलगा सोप्यात पाटीवर अक्षरं गिरवत होता. मावशींनी मला आत बोलावून आधी चहा दिला. दारात उभं करून मूल हातात दिलं नाही. मी वेळेसाठी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, रोज नाही ना होत.

पुढच्या एप्रिलमध्ये ती जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी मी हो म्हटलं. पगारात महिन्याला अकरा हजारांची वाढ झाली. मावशींना मी मुलीचे ४,५०० आणि मुलाचे २,५०० देते, पेज, जेवण, संध्याकाळचं खाणं धरून.

मुलाचं वेगळं सांगायला हवं. मूल तीन वर्षांचं झालं, शाळेत गेलं की सुटलो, असं सगळे म्हणतात. तसं होत नाही. इथली शाळा सकाळची, त्याची साडेबाराला सुटते. एक ते सहा या पाच तासांचं काय करायचं, हा प्रश्न शाळा सुरू झाल्यावरच पुढे येतो, आणि मोठी मुलं घेणारी पाळणाघरं फार कमी. शाळेचा बालरथ (शाळेची बस) त्याला वळणावर सोडतो, तिथं भाची उभी असते. तो हातपाय धुतो, जेवतो, तासभर झोपतो, चारला गृहपाठ. गृहपाठ त्या करून देत नाहीत, फक्त शेजारी बसतात. मला घरी येऊन पाटीवर ओरडावं लागत नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला येणारे संध्याकाळचे दोन तास आमचे राहतात. मुलगी घरी पाणी मागताना "उदक" म्हणते. ढग गडगडले की मुलगा तिला "भियेनाका" (घाबरू नको) म्हणून जवळ घेतो. हे त्यांना मी शिकवलेलं नाही, आणि त्यांनी ते शिकलं याचा मला आनंद आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. चतुर्थीला आठ दिवस बंद, गावच्या जत्रेला दोन दिवस बंद, आणि ते बदलत नाही. मी वर्षाच्या सुरुवातीलाच त्या तारखा रजेत मांडून ठेवते. साडेपाचला मालिका लागते आणि मुलं ती बघतात. मी दोनदा बोलले, अर्ध्या तासावर आलंय, बंद झालेलं नाही. ताप असेल तर मूल घेत नाहीत, ताप उतरल्यावरही पूर्ण एक दिवस घरी ठेवा म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात माझ्या सहा रजा यात गेल्या आणि मला राग आला होता. मग एका घरातून हातापायांवर आणि तोंडात फोड येण्याची साथ आली. बाकीच्या पाचजणांना ती लागली नाही, तेव्हा माझा राग गेला.

सगळ्यात मोठी अडचण पावतीची. मावशींची कुठं नोंदणी नाही. कायद्यानं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं असतं. आमच्या कंपनीनं वसाहतीजवळच्या एका पाळणाघराशी करार केलाय, म्हणजे कागदावर सोय आहे. पण मुलांना स्टाफच्या बसमध्ये घेत नाहीत. मग पाच महिन्यांचं बाळ फोंड्याहून वेर्ण्याला रोज न्यायचं कशानं? घराजवळच्या पाळणाघराची फी द्या म्हणून मी अर्ज केला, तर नोंदणीकृत संस्थेची पावती मागितली. गेल्या वर्षी आम्ही सातजणींनी मिळून पुन्हा अर्ज दिलाय: बसमध्ये मुलांसाठी चार जागा, नाहीतर घराजवळची फी. उत्तर अजून आलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एचआरमध्ये जाऊन विचारते, आणि विचारत राहणार.

आणि मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. डावा गुडघा दुखतो, मुलाला उचलताना आता त्या आधी खाली बसतात. भाचीचं लग्न ठरतंय. माझ्या नोकरीचा सगळा भार या दोघींवर आहे, आणि त्यांना साप्ताहिक सुट्टी सोडली तर आजारपणाची रजासुद्धा नाही. आम्ही आई-बापांनी ठरवून या जूनपासून दर मुलामागे पाचशे रुपये वाढवले, त्यातून दुपारी तीन ते साडेसात एक बाई मदतीला ठेवलीय. मावशी आधी नको म्हणत होत्या. पैसे त्यांच्या हातात न देता त्या बाईच्या हातात दिले, तेव्हा ऐकलं.

पुढच्या जूनमध्ये एक मुलगा शाळेसाठी गावी जातोय, तेव्हा एक जागा होईल. फोंडा, कुर्टी, बोरी या भागातल्या कुणाला हवी असेल तर मला कळवा, मी मावशींना विचारून सांगेन. बघायला जायचं तर अकरा ते बारा या वेळात जा, मुलं पेजेला बसलेली असतात. एक ते अडीच जाऊ नका, आणि बेल वाजवू नका. मागच्या दाराला येऊन हळू हाक मारा.